दोष प्लेअरचा नव्हता

साहित्याच्या अध्यापकाने संगणकाच्या दुरुस्तीवर लिहावे, हे काहींना औचित्याला सोडून वाटेल. मलाही एकेकाळी तसेच वाटले असते. पण २००८ साली घडलेल्या एका साध्या प्रसंगाने माझे मत बदलले. गेल्या काही वर्षांत तोच प्रसंग वेगळ्या रूपात पुन्हा समोर येऊ लागला आहे, म्हणून ते मत येथे सविस्तर मांडावेसे वाटले.

त्या वर्षी मी एम.ए.च्या वर्गाला लोकसाहित्य शिकवत होते. जात्यावरची ओवी हा विषय चालू होता. विभागाकडे एक चित्रफीत होती. निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती १९९० च्या दशकात मावळातल्या एका घरी चित्रित केलेली होती आणि पुढे कुणीतरी ती व्हिडिओ कॅसेटवरून संगणकात उतरवून ठेवली होती. दोन बायका जात्याशी समोरासमोर बसलेल्या, दोघींचे हात एकाच खुंट्यावर, आणि चाळीस मिनिटे ओव्या. छापील ओवी वाचून जे कळत नाही, ते या फितीत दिसे. पहिली ओळ कोण उचलते, दुसरी बाई तिच्यात नेमकी कुठे मिसळते, वैरण घालायला एकीचा हात खुंट्यावरून सुटतो तेव्हा गाणे थांबते की तसेच पुढे जाते, हे सारे. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली असते असे आपण वर्गात सांगतो; पण फेरा दिसल्याशिवाय ते वाक्य केवळ परीक्षेत लिहिण्यापुरते उरते.

फीत लावली. आवाज आला, चित्र आले नाही. काळा पडदा, आणि त्यामागे गाणे. विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे शांतपणे ऐकले. मग एका मुलीने विचारले, "मॅडम, दोघी आहेत की एकच?" उत्तर मला माहीत होते, पण ते दाखवता येत नव्हते.

महाविद्यालयात संगणकांची देखभाल करणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आला. त्याने आधी प्लेअर काढून पुन्हा बसवला. फरक पडला नाही. मग त्याने 'सगळ्या प्रकारच्या फायली चालतात' अशी ख्याती असलेला एक कोडेक पॅक उतरवून घेतला आणि बसवला. त्यानंतर चित्र तर आले नाहीच, आवाजही गेला. एवढेच नव्हे, तर ती फाइल ज्या फोल्डरमध्ये होती तो फोल्डर नुसता उघडला तरी खिडकी बंद पडू लागली. तेव्हा त्याने निर्वाणीचा शब्द उच्चारला : "फॉरमॅट मारावा लागेल, मॅडम."

त्या काळात हा शब्द ज्यांनी ऐकला असेल त्यांना त्याचे गांभीर्य सांगायला नको. ताप आला म्हणून घर पाडावे, अशातला तो उपाय होता. फितीची दुसरी प्रत एका सीडीवर होती आणि ती सीडी ओरखड्यांनी निकामी झालेली होती. मूळ कॅसेट कुणाकडे होती ते विभागात कुणालाच आठवेना. म्हणजे चाळीस मिनिटांचा तो ऐवज फक्त त्या एका डिस्कवर होता. मी फॉरमॅटला नकार दिला. त्यामागे तांत्रिक ज्ञान मुळीच नव्हते. होती ती केवळ भीती.

पुढचे दोन दिवस संध्याकाळी संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी माझ्याबरोबर बसला. त्याने सर्वप्रथम जे केले ते मला फार आवडले. त्याने ती फाइल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर घेतली आणि दुसऱ्या विभागातल्या संगणकावर लावून पाहिली. तेथे ती व्यवस्थित चालली. फाइल शाबूत आहे, बिघाड वाचणाऱ्या यंत्रणेत आहे, एवढे पाच मिनिटांत सिद्ध झाले. आधीच्या दुरुस्तीत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

बिघाड समजून घ्यायचा तर थोडे तांत्रिक विवेचन करणे भाग आहे. आपण ज्याला व्हिडिओ फाइल म्हणतो ती एक पेटी असते. एव्हीआय हा अशा पेटीचा १९९२ पासूनचा प्रकार. पेटीत चित्राचा प्रवाह वेगळा, ध्वनीचा वेगळा, आणि दोन्ही दाबून लहान केलेले. कोणत्या पद्धतीने दाबले आहे हे चार अक्षरांच्या एका खुणेने पेटीवर नोंदलेले असते. दाबलेले उलगडणारा जो कार्यक्रम, तो डिकोडर. दाबणे आणि उलगडणे मिळून कोडेक. आमच्या फितीतला चित्रप्रवाह एमपेग-४ च्या दुसऱ्या भागात सांगितलेल्या पद्धतीचा होता. डिव्हएक्स आणि एक्सव्हिड हे दोन्ही कोडेक त्याच पद्धतीचे, त्यामुळे एकाने दाबलेले दुसऱ्यालाही बहुधा उलगडता येते. एकाच कामावर अनेक उमेदवार हक्क सांगू शकतात ते यामुळेच.

आता प्लेअरकडे येऊ. पडद्यावर दिसणारी, चालू आणि बंद अशी बटणे असलेली ती खिडकी वाचनाचे काम स्वतः करतच नाही. विंडोजमध्ये त्या काळी हे काम डायरेक्टशो नावाच्या व्यवस्थेकडे असे. फाइल उघडली की ही व्यवस्था एक साखळी जुळवते. पहिला दुवा फाइल वाचतो, दुसरा पेटी उघडून चित्र आणि ध्वनी वेगळे करतो, पुढचे दुवे त्यांचा उलगडा करतात, शेवटचे पडद्यावर आणि ध्वनिक्षेपकावर पोचवतात. या दुव्यांना फिल्टर म्हणतात. संगणकावर जे जे फिल्टर नोंदलेले असतील त्यांतून व्यवस्था निवड करते, आणि वेगवेगळ्या नावांचे अनेक प्लेअर याच एका साखळीवर अवलंबून असतात. प्लेअर काढून पुन्हा बसवल्याने फरक पडला नाही, याचे कारण हे. फक्त दर्शनी खिडकी बदलली होती, मागची साखळी तीच राहिली होती.

निवड कशी होते, हा यातला सर्वांत उद्बोधक भाग आहे. प्रत्येक फिल्टरच्या नोंदीत एक आकडा असतो. त्याला चक्क 'मेरिट' असे नाव आहे. सर्वसाधारण फिल्टरचे मेरिट ६२,९१,४५६, पसंतीच्या फिल्टरचे ८३,८८,६०८. आणि ज्याचे मेरिट २०,९७,१५२ किंवा त्याहून कमी, त्याला आपोआप होणाऱ्या निवडीत विचारातच घ्यायचे नाही. जास्त मेरिटवाल्याला आधी विचारले जाते. इथपर्यंत सारे न्याय्य वाटते. पण हा आकडा कोण ठरवतो? ज्याने तो फिल्टर तयार केला, तोच. बसवताना तो स्वतःचे मेरिट स्वतःच नोंदवतो, आणि पसंतीच्या आकड्याच्या वरचा आकडा लिहायला त्याला कुणी अडवत नाही. दहावी-बारावीच्या मेरिट लिस्टवर वाढलेल्या आपल्या समाजाला हे समजायला वेळ लागू नये. ही अशी मेरिट लिस्ट, जिच्यात प्रत्येक विद्यार्थी आपले गुण आपणच लिहितो, आणि मंडळ ते तसेच मान्य करते.

यात आणखी एक गोम आहे. साखळी जुळवताना व्यवस्था एवढेच पाहते, की हा दुवा पुढच्या दुव्याला जोडला जातो की नाही. जोडला गेला की शोध संपला. त्यातून खरोखर चित्र बाहेर पडते आहे का, याची खातरजमा कुणी करत नाही. आमच्या संगणकावर नेमके हेच घडले होते. विद्यार्थ्याने ग्राफएडिट नावाच्या साधनाने ती साखळी चौकोन आणि बाणांच्या रूपात पडद्यावर काढून दाखवली. मधल्या चौकोनात कधीकाळी कुणी बसवलेल्या एका पॅकमधला जुना डिकोडर भरमसाट मेरिट घेऊन ठाण मांडून बसला होता. तो जोडला जात होता, पण चित्र पुढे देत नव्हता. त्याच्यामागे दोन चांगले डिकोडर होते. त्यांना कुणी विचारतच नव्हते. त्यावर नवा पॅक बसवल्याने पेटी उघडणारा दुवाही बदलला आणि आवाज गेला. फोल्डर उघडताच खिडकी बंद पडण्याचे कारणही तेच होते. फोल्डरमध्ये फायलींची लहान चित्रे दाखवायची तर संगणक त्याच साखळीकडे जाई आणि तेथेच कोसळे.

कुणी बसवले होते हे पॅक? प्रत्येक वर्षीच्या विद्यार्थ्यांनी, आणि आम्हीही. एखादा चित्रपट चालला नाही, बसव पॅक. परिसंवादाची सीडी उघडली नाही, बसव आणखी एक. दर वेळी तात्पुरते काम झाले आणि दर वेळी आधीच्यावर एक थर चढला. चार वर्षांत पाच पॅक जमले होते. हेतू वाईट कुणाचाच नव्हता, आणि त्यामुळे दोष कुणाच्या माथी मारायलाही जागा नव्हती.

दुरुस्तीचा क्रम सांगते, कारण मला जे म्हणायचे आहे ते या क्रमातच आहे. आधी डिस्कवरच्या सगळ्या ध्वनी-चित्रफितींच्या प्रती दुसरीकडे घेतल्या. मग संगणकाला जुन्या तारखेच्या स्थितीत परत नेणारी सोय तपासली; जागा वाचवण्यासाठी कुणीतरी ती बंद करून ठेवली होती. तेव्हा शेवटी बसवलेला पॅक सर्वांत आधी, अशा उलट्या क्रमाने एकेक पॅक काढला. प्रत्येक वेळी संगणक पुन्हा सुरू केला आणि फीत लावून पाहिली. पाचही गेले तरी काळा पडदा कायम होता. जुन्या पॅकने जाताना आपला डिकोडर आणि त्याची नोंद मागे ठेवली होती. ती नोंद रेगएसव्हीआर३२ या आज्ञेने हाताने रद्द करावी लागली. आता साखळी रिकामी झाली आणि प्लेअरने प्रथमच खरे बोलून दाखवले : ही फाइल उलगडण्यासाठी लागणारा कोडेक या संगणकावर नाही. तो संदेश वाचून मला आनंद झाला. त्यानंतर आवश्यक तो एकच डिकोडर बसवला. फीत चालली.

सारांश असा, की बिघाड भर घालण्याने झाला होता आणि दुरुस्ती वजाबाकीने झाली. आमच्या पहिल्या दुरुस्तीची प्रेरणा आणखी काही घालण्याची होती, आणि ती फसल्यावर थेट सर्वनाशाची. या दोन टोकांच्या मध्ये, कोणता थर कधी आला हे शोधून तेवढाच काढण्याचा जो मार्ग आहे, तो कष्टाचा असतो. म्हणून तो कुणी सुचवत नाही.

हा मार्ग साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित असण्याचे कारण नाही. पाठचिकित्सा दुसरे काय करते? प्रत दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहायची, पाठ कोठे बिघडला ते ठरवायचे, मागाहून शिरलेले ओळखायचे, आणि आपल्या पदरचे न घालता ते दूर करायचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती प्रक्षिप्त आणि भ्रष्ट पाठ दूर करण्यासाठी. हे साम्य फार ताणू नये, याची मला जाणीव आहे. पाठभेदाला स्वतःचा इतिहास असतो, चुकीचा पाठसुद्धा अभ्यासकाला काही सांगतो. निकामी डिकोडर काही सांगत नाही. पण शिस्त तीच आहे, आणि ती आपल्याकडे आधीपासून आहे. संगणकासमोर बसताच आपण ती दाराबाहेर ठेवून येतो, ही माझी तक्रार आहे. 'ते तांत्रिक आहे, ते त्या मुलाचे काम' असे म्हणून आपण ऐवजाची जबाबदारी ज्याच्या हाती देतो, त्याला त्या ऐवजाचे मोल ठाऊक नसते. फॉरमॅट मारणे हा त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय होता. फितीत काय आहे हे त्याला आम्ही सांगितलेच नव्हते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. एवढा खटाटोप कशाला? व्हीएलसीसारखा प्लेअर बसवला असता तर पाच मिनिटांत काम झाले असते. हे खरे आहे. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेला आणि २००१ पासून मुक्त परवान्याखाली मिळणारा हा प्लेअर आपले डिकोडर आपल्याबरोबरच घेऊन येतो. संगणकावर नोंदलेल्या फिल्टरांकडे तो पाहत नाही, त्यामुळे त्यांच्या भांडणाशी त्याचा संबंध येत नाही. मी स्वतः आज तोच वापरते आणि कुणी विचारले तर तोच सुचवते. खुद्द विंडोजमध्येही २००९ च्या सातव्या आवृत्तीपासून परिस्थिती सुधारली. नेहमीच्या प्रकारांचे डिकोडर व्यवस्थेबरोबरच येऊ लागले आणि कोणाला पसंती द्यायची याची यादी व्यवस्थेने आपल्याकडे घेतली. पण व्हीएलसीने भांडण टळते, मिटत नाही. मागची साखळी नासलेलीच राहते. आणि दुसरे असे, की आपली फाइल कोणत्या पद्धतीने बांधलेली आहे, ती वाचायला काय लागते, हे आपल्याला या उपायाने कळत नाही. आज चालते आहे एवढेच कळते.

दुसरा आक्षेप असा, की हे सारे आता इतिहासजमा झाले. आता सगळे काही थेट ब्राउझरमध्ये दिसते. असे ज्यांना वाटते त्यांनी क्षेत्रकार्यावरून परतलेल्या विद्यार्थ्यांचे फोन एकदा पाहावेत. २०१३ साली प्रमाणित झालेल्या एचईव्हीसी या पद्धतीने अनेक फोन चित्रीकरण करतात. फाइल लहान होते, चित्र उत्तम येते. ती विभागाच्या संगणकावर उघडली, की विंडोजच्या दहाव्या आणि अकराव्या आवृत्तीतही अनेकदा वेगळे विस्तारक बसवायला सांगितले जाते. बरेचदा आवाज येतो, पडदा काळा. मग विद्यार्थी काय करतो? शोध घेतो, पहिला जो मोफत पॅक मिळेल तो उतरवून बसवतो. मागच्या वर्षी आमच्याकडे एका मुलाला तसे करताना मी पाहिले आणि २००८ सालची ती संध्याकाळ आठवली. गोंधळी, वासुदेव, पोतराज यांच्या मुलाखती घेऊन ही मुले येतात. त्यांनी घेतलेले चित्रण हेच उद्या संशोधनाचे मूळ साधन ठरणार आहे.

आवाज जपण्याचे काम गांभीर्याने करता येते, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, आणि २०१७ पासून 'पारी'वर त्या ओव्या शब्द, ध्वनी आणि भाषांतर यांसह प्रसिद्ध होत आहेत. तेवढे सामर्थ्य एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे नसते, हे मान्य. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. मूळ फाइल जशी आली तशी, हात न लावता ठेवावी. सर्वत्र चालेल अशी तिची एक प्रत वेगळी करावी आणि वर्गात तीच वापरावी. फितीबरोबर एक टिपण असावे : कुणी, कोठे, कधी चित्रित केले, फाइल कोणत्या प्रकारची आहे, ती कशाने उघडते. प्रती निदान तीन, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. विभागाच्या एका संगणकावर कुणीही काहीही बसवू नये, असा नियम करावा आणि तो अध्यापकांनीही पाळावा. वर्षातून एकदा प्रत्येक फीत उघडून पाहावी. ग्रंथालयात आपण पुस्तकांना वाळवी लागली का, हे पाहतोच. आणि काही बिघडलेच तर पहिला प्रश्न असा विचारावा, की शेवटचे व्यवस्थित चालले त्यानंतर आपण येथे काय घातले?

आमच्या अभ्यासक्रमात हस्तलिखितांचे वाचन आहे, ते असायलाच हवे. त्याच्या शेजारी ध्वनी-चित्र साधनांच्या जपणुकीचे चार तास असावेत, अशी माझी सूचना आहे. मौखिक परंपरेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या हातातली फाइल म्हणजे काय, हे ठाऊक नसावे, याचे मला मोडी न येणाऱ्या इतिहास-संशोधकाइतकेच आश्चर्य वाटते.

त्या वर्गाचे सांगायचे राहिले. पुढच्या आठवड्यात फीत पुन्हा लावली. दोघी दिसल्या. अकराव्या मिनिटाच्या आसपास थोरलीने वैरण घालायला हात सोडला, आणि ओवीची ओळ मध्येच धाकटीने उचलली, इतक्या सहज की आवाज बदलल्याचे ऐकताना कळले नव्हते. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिने ती जागा तीनदा मागे नेऊन पाहिली आणि वहीत काहीतरी लिहून घेतले. तिचा पुढचा प्रबंधिकेचा विषय त्या एका जागेतून निघाला : ओवीतला कर्ता एक की दोन? काळ्या पडद्यासमोरही तिने प्रश्न बरोबरच विचारला होता. उत्तर शोधायला तिला फक्त चित्र हवे होते.